डागडुजीची बखर

संगणकाचा इतिहास बहुधा शोधांच्या अंगाने सांगितला जातो. अमुक साली अमुक यंत्र आले, तमुक साली तमुक भाषा जन्मली, मग कोणा तरुणाने गॅरेजमध्ये कंपनी काढली. गावाचा इतिहास केवळ भूमिपूजनांच्या तारखांवरून लिहावा, तसा हा प्रकार आहे. उभ्या राहिलेल्या घरांत पुढे चाळीस-पन्नास वर्षे माणसे राहिली, दर पावसाळ्याआधी कौले चाळली गेली, मधली भिंत पाडून दोन घरांचे एक केले गेले, याची नोंद कोणी ठेवत नाही. व्यापारी जगातील सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही उणीव फारच खटकते, कारण तेथील कामाचा मोठा भाग जुन्याची निगा राखण्याचा आणि जुन्याशी नवे जोडण्याचा असतो. या निगराणीच्या इतिहासात मुंबई-पुण्याचा वाटा थोडाथोडका नाही, आणि त्याविषयी आपल्याकडे एक तर अभिमानाने बोलले जाते किंवा तुच्छतेने. आम्हांस दोन्ही सूर थोडे बेसूर वाटतात; म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाविषयी. संगणक व्यवसायात जुन्या, पण चालू असलेल्या प्रणालीला ‘लेगसी सिस्टिम’ म्हणतात. मराठीत ‘वारसा’ म्हटले की लेणी, गडकोट, अभंगांच्या वह्या डोळ्यांसमोर येतात. व्यवसायात मात्र ‘लेगसी’ हा शब्द नाक मुरडून उच्चारला जातो. तथापि वारशाची दुसरी बाजूही आपल्याला चांगली ठाऊक आहे. पेठेतला जुना वाडा, वारस अकरा, प्रत्येकाचे बिऱ्हाड आत. नकाशा कोणाकडे नाही, कोणत्या तुळईवर किती भार आहे हे सांगणारा गवंडी कधीच गेला. वाडा पाडता येत नाही, कारण पाडेपर्यंत राहायचे कोठे हा प्रश्न आहे. आणि न पाडावा तर प्रत्येक वारसाला आपल्या खोलीत नवा नळ हवा आहे. मोठ्या बँकेची किंवा विमा कंपनीची मुख्य प्रणाली पाहिली की आम्हांस या वाड्याचीच आठवण होते.

हा प्रश्न आजकालचा नाही. आयबीएमचे १४०१ हे यंत्र १९५९ साली जाहीर झाले आणि बघता बघता हजारो कचेऱ्यांत जाऊन बसले. त्याची स्मृती आजच्या हिशेबाने हास्यास्पद होती, १,४०० पासून फार तर १६,००० अक्षरांपर्यंत. मुंबईत एस्सो या तेल कंपनीकडे १९६१ साली बसलेले यंत्र याच जातीचे. पुढे एप्रिल १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० ही नवी मालिका आणली. तिची अंतर्गत रचना १४०१ पेक्षा सर्वस्वी निराळी होती, म्हणजे जुन्या आज्ञावली तिच्यावर चालणे शक्यच नव्हते. ग्राहकांनी पगारपत्रके, साठ्याचे हिशेब, विम्याचे हप्ते या सगळ्यांच्या आज्ञावली पुन्हा लिहाव्यात अशी अपेक्षा होती. ग्राहक ते करणार नाहीत, उलट प्रतिस्पर्ध्याच्या दारात जातील, हे आयबीएमने वेळीच ओळखले आणि मालिकेतील लहान यंत्रांत १४०१ ची हुबेहूब नक्कल करण्याची सोय ठेवली. नव्या यंत्राच्या पोटात जुने यंत्र नांदू लागले. नवे विकत घेऊनही जुनेच चालवत राहणे ही व्यापाराची रीत त्या दिवसापासून रूढ झाली म्हणायला हरकत नाही.

कोबोल ही भाषा त्याच सुमाराची. १९५९ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या आश्रयाने समिती बसली आणि वर्षभरात भाषेचा आराखडा तयार झाला. ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या भाषेची छाप तिच्यावर स्पष्ट होती. यंत्र कोणाचेही असो, हिशेब साध्या इंग्रजी वाक्यांत लिहिता यावा हा हेतू. विद्यापीठांतील पंडितांनी या भाषेची मनसोक्त निंदा केली आणि बँकांनी तिच्यात आपला सगळा कारभार लिहून काढला. पंडितांची नापसंती आणि कचेरीचा व्यवहार यांतले हे अंतर आपल्याकडच्या कागदपत्री मोडी लिपीच्या नशिबीही आले होते, असो.

१९६८ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था निघाली आणि १९६९ मध्ये फकीरचंद कोहली तिच्यात आले. परकीय चलनाचा तो दुष्काळी काळ. संगणक आयात करायचा तर सॉफ्टवेअर निर्यात करून डॉलर मिळवून देण्याची हमी सरकारला द्यावी लागे. बरोज या अमेरिकी कंपनीकडून १९७४ साली मिळालेले काम या हमीच्या दृष्टीने मोलाचे होते. काम काय होते? रुग्णालयाच्या हिशेबाची एक आज्ञावली बरोजच्या मध्यम यंत्रांच्या कोबोलमध्ये लिहिलेली होती. ती त्याच कंपनीच्या लहान यंत्रांच्या कोबोलमध्ये आणायची होती. नवे काही घडवायचे नव्हते. आणि हे काम मुंबईत आयसीएल १९०३ या तिसऱ्याच, ब्रिटिश बनावटीच्या यंत्रावर करण्यात आले. ज्या अमेरिकी रुग्णालयांची बिले त्यातून निघणार होती ती या मंडळींनी पाहिलेली नव्हती. हाती होता तो केवळ मजकूर.

भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीचा आरंभ म्हणून ही घटना गौरवाने सांगितली जाते. पण ती आरंभापासून वाचनाची घटना आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. दुसऱ्याने, दुसऱ्या देशात, दुसऱ्या यंत्रासाठी लिहिलेला मजकूर अर्थ न बिघडवता उतरवून काढणे हे पहिले काम होते, आणि पुढची तीस वर्षे या ना त्या रूपात तेच चालू राहिले.

याच दशकात देशांतर्गतही निगराणीची एक परीक्षा झाली. परकीय चलन नियमन कायदा १९७३ चा. त्यानुसार भागभांडवलातला परकी वाटा कमी करायला आयबीएमने नकार दिला आणि १९७८ मध्ये कंपनी भारतातून निघून गेली. भाड्याने दिलेली तिची यंत्रे ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत, कारखान्यांत उभी होती. ती सांभाळण्याचे काम कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आले. या कंपनीच्या नावातच ‘मेन्टेनन्स’ होते, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. एखाद्या देशाने संगणकासाठी खास सरकारी कंपनी काढावी आणि ती घडवण्यासाठी नसून निगेसाठी असावी! पुढे ती ‘सीएमसी’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाऊ लागली आणि तिचा मूळ अर्थ लोक विसरले.

याच सीएमसीने रेल्वेच्या आरक्षणाची ‘इम्प्रेस’ ही प्रणाली केली. ती १९८६ मध्ये नवी दिल्लीत सुरू झाली, आणि त्याच वर्षी रेल्वेने ‘क्रिस’ ही स्वतःची संगणक संस्था काढली. नंतर मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद अशी केंद्रे उभी राहिली. प्रत्येक केंद्राच्या गाड्या निराळ्या, विदा निराळी. ही पाच संस्थाने एकमेकांना जोडण्याचे काम ‘क्रिस’ने ‘कॉन्सर्ट’ या प्रणालीद्वारे १९९९ पर्यंत पुरे केले. त्यानंतर २००२ मध्ये महाजालावरून तिकिटे मिळू लागली. पण लोकांना दिसले ते संकेतस्थळ. जागा देणारी, प्रतीक्षायादी सरकवणारी, कोटा पाळणारी आज्ञावली मागे पूर्वीचीच होती. मध्यरात्रीच्या सुमारास काही काळ संकेतस्थळ वर्षानुवर्षे बंद का राहते, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. मागच्या खोलीत जुना कारकून दिवसाची वही मिटून नवीन तारखेचे पान उघडत असतो, एवढेच त्याचे उत्तर.

आता ज्या प्रसंगामुळे ही सारी कला जगाच्या नजरेस आली त्याकडे वळू. आपण बोलताना ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतो, ‘बेचाळीसची चळवळ’ म्हणतो, ‘सत्तावन्नचे बंड’ म्हणतो. बेचाळीस आणि सत्तावन्न यांची शतके निराळी आहेत हे ऐकणाऱ्यास सांगावे लागत नाही. कोबोल लिहिणाऱ्यांनी साली दोन अंकांत लिहिली ती याच विश्वासाने, शिवाय काटकसरीने. छिद्रपत्रावर रकाने अवघे ऐंशी. त्यात नाव, पत्ता, खाते क्रमांक, रक्कम बसवायची. शतकाचे दोन रकाने वाचवणे हा तेव्हा शहाणपणा होता. आज्ञावली तीस वर्षे टिकेल असे लिहिणाऱ्यास वाटले नव्हते. मूळ चूक असेल तर एवढीच की त्यांनी आपले काम वाजवीपेक्षा चांगले केले होते.

त्या काळी दादर, ठाणे, पुणे येथील वर्गांतून मुले कोबोल शिकली. तोवर अमेरिकेत ती शिकणे कोणी फारसे प्रतिष्ठेचे मानत नव्हते. काम कसे चाले? प्रथम कोट्यवधी ओळींच्या पसाऱ्यात तारीख कोठे कोठे दडली आहे ते हुडकायचे. ज्या चलाचे नाव ‘डेट’ आहे ते सोपे; पण कोणी ‘डीटी’ लिहिले असे, कोणी ‘एक्स-३’, कोणी पॉलिसीच्या क्रमांकातच साल गुंफलेले असे. हा शोध घेणारी साधने पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात घडली. चेन्नईत तर या कामाचा अक्षरशः कारखाना उभा राहिला. सापडल्यावर दोन मार्ग. एक, दोनाचे चार अंक करायचे. यात सगळी साठवलेली विदा बदलावी लागे आणि तिला हात लावणारी प्रत्येक आज्ञावली एकाच रात्री बदलावी लागे. दुसरा मार्ग खिडकीचा. ०० ते २९ दिसले तर एकविसावे शतक समजा, ३० ते ९९ दिसले तर विसावे. हा स्वस्त, म्हणून पुष्कळांनी हाच पत्करला. तो अर्थातच मुदतीचा होता. खिडकीची कड जेथे ठेवली त्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा उभा राहायचा. सावकाराकडून वायदा वाढवून घ्यावा, तसे.

कित्येकदा तर मूळ मजकूरच सापडत नसे. यंत्राच्या भाषेत रूपांतरित झालेली प्रत रोज रात्री बिनबोभाट चालत असे, पण ती ज्या कोबोल मजकुरातून निघाली तो कोणत्या चुंबकफितीवर होता हे कोणालाच सांगता येत नसे. पोथी हरवलेली, पारायण मात्र अखंड चालू!

१ जानेवारी २००० उजाडला आणि फारसे काही झाले नाही. अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेच्या संकेतस्थळावर साल १९१०० असे झळकले, त्यावर जग हसले. आणि हा सगळा बागुलबुवा होता, संगणकवाल्यांनी पैसे उकळले, असा बोभाटा झाला. आम्ही त्यांच्यासाठी शेफील्डचे उदाहरण राखून ठेवले आहे. इंग्लंडमधील या शहराच्या एका रुग्णालयातील संगणक गर्भवतींचे वय व इतर माहिती घेऊन बाळास डाउन सिंड्रोम असण्याचा धोका किती, हे सांगत असे. २००० साल लागताच वयाचे गणित चुकू लागले आणि काही महिने कोणाच्या ध्यानात आले नाही. दीडशेहून अधिक स्त्रियांना धोका कमी असल्याचे चुकीचे कळवले गेले. जेथे डागडुजी राहून गेली तेथे हे घडले. इतरत्र काही दिसले नाही, कारण कौले आधीच चाळून ठेवली होती.

या कामाला आपल्याच लोकांनी ‘सायबर कुली’ असे हिणवले. उत्तरादाखल दुसऱ्या पक्षाने ‘जगाला वाचवणारे भारतीय’ असा पोवाडा रचला. हे काम बुद्धीचे नाही हे दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेले दिसते. पहिला ते उघड बोलतो, दुसरा विषय बदलतो. आम्हांस येथे पेटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाच्या १९८५ सालच्या एका निबंधाची आठवण होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की आज्ञावली म्हणजे कागदावरचा मजकूर नव्हे; ती लिहिणाऱ्यांच्या मनात त्या व्यवहाराविषयी जी समजूत घडते ती खरी आज्ञावली. ती मंडळी पांगली की आज्ञावली मरते, भले यंत्र तिला चालवत राहो. नुसत्या मजकुरावरून ती समजूत पुन्हा उभी करणे अत्यंत कठीण आहे, असे नाउर बजावतो. मुंबई, पुणे, चेन्नईच्या कचेऱ्यांत बसून हजारो माणसे जे करीत होती ते नेमके हेच होते, आणि तेही परक्या देशातल्या विम्याच्या, गहाणखतांच्या, निवृत्तिवेतनाच्या नियमांविषयी.

या कामाचा आपल्या परंपरेतील जवळचा नातेवाईक शोधायचा तर तो पाठचिकित्सेत सापडेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी पदरच्या ओव्या घुसडू नयेत अशी ताकीद देऊन ठेवली. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते. पाठचिकित्सेचा एक नियम असा, की दोन पाठांपैकी जो अवघड, चमत्कारिक तो बहुधा जुना. कारण नकलकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करत नाही. जुनी आज्ञावली वाचणाराही हेच शिकतो. समजा, एका विशिष्ट शाखेस, फक्त मार्च महिन्यात, विशिष्ट जातीच्या खात्यांवर व्याज लावू नये अशी एक विचित्र अट मध्येच आढळली. नवशिक्या तिला चूक समजून काढून टाकतो. जाणता थांबतो. त्या अटीमागे एखादा जुना करार असेल, न्यायालयाचा निकाल असेल, किंवा कोणे काळी दोन बँका एक झाल्या तेव्हा दिलेला शब्द असेल. कंपनीच्या कोणत्याही नियमपुस्तकात तो नसतो. तो फक्त या ओळीत शिल्लक असतो.

फरक इतकाच की सुखटणकरांना संशयित पाठ तळटीपेत ठेवण्याची मुभा होती. आज्ञावलीचा वाचक रविवारी रात्रीपर्यंत निर्णय करतो, कारण सोमवारी सकाळी पगार निघायचे असतात.

शिवाय येथे मजकूर स्थिर राहिला तरी जग स्थिर राहत नाही. मेयर लेहमन याने आयबीएमच्या मोठ्या प्रणालींचा अभ्यास करून सत्तरच्या दशकात जे नियम मांडले त्यांतील पहिला हाच आहे: वापरात असलेली प्रणाली सतत बदलत राहिली नाही तर निरुपयोगी होत जाते, आणि दुसरा नियम असा, की बदलताना तिची गुंतागुंत वाढते, जोवर कोणी मुद्दाम ती कमी करत नाही तोवर. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा आदल्या दिवसापर्यंत अचूक असलेली बिलांची प्रत्येक आज्ञावली एका रात्रीत चुकीची ठरली. तिच्यातले अक्षरही बदललेले नव्हते.

नियम गमावले की काय होते याचा अलीकडचा दाखला ब्रिटनमधील टीएसबी या बँकेचा. लॉइड्समधून वेगळी झाल्यावरही ती लॉइड्सच्याच प्रणालीवर बिऱ्हाडकरूसारखी राहत होती. स्पेनच्या साबादेल बँकेने तिला २०१५ मध्ये विकत घेतले आणि एप्रिल २०१८ मधल्या एका शनिवार-रविवारी सगळी खाती आपल्या नव्या प्रणालीवर हलवली. विदा पोहोचली, प्रणाली मात्र कोलमडली. १९ लाख ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात, काहींना तर परक्याची खाती दिसू लागली. मुख्याधिकाऱ्यास जावे लागले आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. घर बदलताना सामान नेले, पण राहण्याची घडी नेता आली नाही.

आपल्याकडच्या बँकांची गोष्ट याहून लांब आहे. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर, कर्मचारी संघटनांच्या विरोधातून वाट काढत, संगणक आले ते एकेका शाखेत. प्रत्येक शाखेचे यंत्र निराळे, त्यातल्या खातेदारांची नावे लिहिण्याची तऱ्हाही निराळी. कोठे आद्याक्षरे आधी, कोठे आडनाव आधी. २००० नंतर ‘कोअर बँकिंग’ आले तेव्हा ही शाखा-संस्थाने विलीन करण्याचे काम शनिवार-रविवार गाठून, शाखेमागून शाखा, असे वर्षानुवर्षे चालले. स्टेट बँकेला ते संपवायला २००८ उजाडले. ज्या कारकुनांनी यंत्रांना विरोध केला होता त्यांनाच कोणते खाते कोणाचे हे माहीत होते, आणि स्थलांतराच्या त्या रात्री त्यांच्यावाचून पान हलत नव्हते. ही गंमत कोणा कादंबरीकाराने अजून हेरलेली दिसत नाही.

३० ऑगस्ट २०१९ रोजी अर्थमंत्र्यांनी १० सरकारी बँकांच्या ४ बँका करण्याचे जाहीर केले. कोणती बँक कोणात मिसळायची, हे ठरवताना दोघींची मुख्य प्रणाली एकच आहे काय, हाही निकष होता. युनियन, आंध्रा आणि कॉर्पोरेशन या तिघी ‘फिनॅकल’वाल्या, इंडियन आणि अलाहाबाद या दोघी ‘बँक्स’वाल्या. स्थळे ठरली ती निदान अंशतः सॉफ्टवेअरची पत्रिका पाहून. त्या बँका स्थापन झाल्या तेव्हा संगणक ही वस्तूच नव्हती. वीस वर्षांपूर्वी एखाद्या अधिकाऱ्याने निविदांच्या तुलनेत घेतलेला निर्णय आता त्यांचे कूळ ठरवत होता. १ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीच्या ऐन पहिल्या आठवड्यांत, कागदावरचे विलीनीकरण झाले. प्रणालींचे मीलन पुढे टप्प्याटप्प्याने झाले, कारण एकाच नावाच्या सॉफ्टवेअरच्याही आवृत्त्या निराळ्या होत्या आणि प्रत्येकीत आपापल्या बँकेच्या चमत्कारिक अटी होत्या.

देना आणि विजया या बँका त्यापूर्वीच, १ एप्रिल २०१९ रोजी, बँक ऑफ बडोदात गेल्या होत्या. त्यांचे जुने आयएफएससी मात्र पुढे जवळपास दोन वर्षे चालू ठेवले होते, आणि १ मार्च २०२१ पासून ते बंद झाले. देवकरण नानजींच्या मुंबईतल्या त्या जुन्या बँकेची ‘बीकेडीएन’ ही चार अक्षरे मग असंख्य कंपन्यांच्या पगारपत्रकांतून, लाभांशाच्या याद्यांतून, सोसायट्यांच्या देखभाल वर्गणीच्या तक्त्यांतून एक एक करून कोणीतरी काढली.